बतूलच्या गादीची सुई

आमच्या वझ्झान गावात नवरीची गादी मशीनवर शिवत नाहीत. कफ्तान शिवा, पडदे शिवा, नवऱ्याचा सदरा शिवा, कुणी नाक मुरडत नाही. गल्लीत माझं काळं मशीन आलं तेव्हा बायका नुसतं चाक फिरताना बघायला यायच्या आणि वर माझाच चहा पिऊन जायच्या. पण गादी हातानंच शिवायची. गच्चीवर, उन्हात, चारचौघींच्या डोळ्यांसमोर. शेवटचा टाका घालून झाला की सुई वर धरून नवरीच्या आईला दाखवायची आणि मगच सुयांच्या उशीत टोचायची. नवरीच्या गादीत सुई राहिली तर बायकोजवळ जाताना नवरा बांधला जातो, असं आमच्याकडे मानतात. बांधला जातो म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही.

फ्रेंच जाऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. लल्ला झहूर, मानाच्या बाईला आमच्याकडे लल्ला म्हणतात, माझ्या दारात आली आणि म्हणाली, "यामना, माझ्या बतूलच्या गाद्या तूच शिवायच्या."

बतूलचा होणारा नवरा मुफद्दल, जेलाबा, म्हणजे टोपीचे लांब झगे, शिवणारा शिंपी. या मुफद्दलसाठी आधी माझ्या रहमाला मागणी आली होती. साखरेचे सुळके आले, मेंदी आली, आणि मग त्याच्या आईला, हाज्जा रुकियाला, एकाएकी आठवलं की माझ्या नवऱ्यानं मला सोडलं आहे. टाकलेल्या बाईची पोर तिला घरात नको होती. साखर परत मागवली. त्यातला एक सुळका आम्ही फोडून खाल्ला होता, त्याचेही टोमणे मी वर्षभर ऐकले. पुढे रहमाला मेकनेसला दिली, रेल्वेतल्या माणसाला, आणि ती बरी नांदत होती. माझ्या मनात खरंच काही उरलं नव्हतं. पण गावाच्या मनात उरलं होतं.

"दुसरी कुणी बघ ना," मी म्हणाले.

"दुसरीचे टाके सहा महिन्यांत उसवतात. आणि तू आलीस की लोकांची तोंडं बंद होतील. का, तुला काही वाटतंय का?"

हे असं विचारल्यावर काय बोलणार? नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं असतं की यामनाच्या पोटात दुखतंय. मी हो म्हणाले.

गाद्यांच्या दिवशी गच्चीवर लोकर पसरली होती. ओढ्यावर धुतलेली, काठीनं झोडलेली, बोटांनी पिंजलेली. धुतली तरी लोकरीचा तेलकट वास जात नाही, हाताला दोन दिवस राहतो. बायका गात होत्या, पुदिन्याचा चहा फिरत होता. बतूल माझ्याजवळ बसून सुया ओवून देत होती. एकोणीस वर्षांची, गोरी, अबोल पोर. मी माझ्या दोन लांब सुया आणल्या होत्या. दाभणापेक्षा बारीक, बोटभर लांब, गादीसाठीच ठेवलेल्या.

"नीट ओव गं, बतूल," कोपऱ्यातून तम्मू म्हणाली. ही लल्ला झहूरची जाऊ, जिभेला लगाम नसलेली. "शिंप्याच्या घरी चाललीयस. दोरा हुकला तर तो काय म्हणेल?"

"तो हुकला नाही म्हणजे झालं," दुसरी कुणी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

"हसा, हसा," तम्मू म्हणाली. "सादियाच्या वेळीही अशाच हसत होतो आपण."

मग कुणी हसलं नाही. सादिया म्हणजे बतूलची मावसबहीण. मागच्या वर्षी लग्नाच्या दिवशीच तिला माहेरी परत पाठवलं, कारण खोलीतून कपडा बाहेर आला तो पांढराच. पोरगी सरळ होती, हे तिच्या सासरच्यांनाही माहीत असणार. तरी पाठवलं. तेव्हापासून ती घराच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे रफू करत होती. बतूलनं मान खाली घातली आणि सुई ओवायला घेतली, पण दोरा नेढ्यात जाईना. मी तिच्या हातातून सुई घेतली आणि स्वतः ओवली. तिची बोटं गार होती.

ऊन उतरायला लागलं तशी लल्ला झहूर घाई करायला लागली. सूर्य बुडाल्यावर आमच्याकडे सुई कुणी देत नाही, घेत नाही, तिचं नावसुद्धा काढत नाही. जाड कापडात एक सुई जरा वाकल्यासारखी झाली म्हणून मी ती बाजूला ठेवून दुसरी घेतली, शेवटची कड शिवली, दोरा दातांनी तोडला आणि सुई वर धरली. लल्ला झहूरनं बघितली. हाज्जा रुकिया मुद्दाम आली होती, तिनंही डोळे बारीक करून बघितली. मी सामान गुंडाळलं आणि घरी आले.

घरी गुंडाळी उघडली तर उशीत एकच लांब सुई.

मी उशी चाचपली. गुंडाळी झटकली. कफ्तानच्या बाह्या उलट्या केल्या, बुरखा झटकला, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत हातांनी फरशी पुसत गेले. मी दाखवली ती दुसरी सुई. मग पहिली, ती वाकलेली, मी कुठे ठेवली? बाजूला ठेवली, हे आठवत होतं. पण बाजूला म्हणजे कुठे? बाजूला लोकर होती. मी ठेवली आणि तम्मूनं लोकरीचा पुंजका उचलून गादीत कोंबला, असं मला दिसायला लागलं. जितकं आठवावं तितकं ते जास्त स्पष्ट दिसायला लागलं.

बाहेर अजान झाली. आता कुणाच्या दारात जाऊन 'माझी सुई राहिली का' असं विचारायचीही सोय उरली नाही.

तुम्ही म्हणाल, एका सुईचं काय एवढं. आमच्या वरच्या आळीत ताहिरा नावाची बाई होती, गाद्या भरायची. तिनं भरलेल्या गादीत गाठ मारलेला दोरा सापडला, आणि त्या घरातला नवरा बांधलेला निघाला. दोरा लोकरीत येतोच, मेंढी काही चाळणीतून चरत नाही. पण ताहिराच्या दारावर रात्रंदिवस दगड पडले, तिच्या भावानं तिला घराबाहेर काढलं, आणि ती कुठल्या गावी मेली तेसुद्धा नक्की कुणाला माहीत नाही. तिचं तर त्या घराशी काही वैरही नव्हतं. माझं होतं, निदान गावाच्या हिशेबी होतं. मोडलेल्या सोयरिकीची आई, तिनंच शिवलेली गादी, आणि गादीत सुई. मेकनेसला ही बातमी पोचायला एक आठवडाही लागला नसता. रहमाची सासू देवभोळी, मंत्रतंत्राला घाबरणारी. तिनं चेटकिणीच्या मुलीला चुलीजवळ उभं केलं असतं का? मला टाकलं होतं, आता माझ्यापायी रहमाला टाकतील, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी उजाडेपर्यंत अंथरुणावर बसून राहिले.

सकाळी काहीतरी निमित्त काढून लल्ला झहूरकडे गेले. "एक कड जरा सैल वाटते, परत बघते," म्हणाले. तर गाद्या निघूनही गेल्या होत्या. ढोल वाजवत, खेचरावर लादून, मुफद्दलच्या घरी. हाज्जा रुकियानं त्या नव्या खोलीत अंथरून खोलीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली पोलक्यात घातली होती, कुणी नजर लावू नये म्हणून. मी तिच्याही दारापर्यंत गेले. दार उघडायच्या आधीच परत फिरले. काय सांगणार होते? मी जितकी त्या गादीभोवती घोटाळले असते तितकं लोकांनी नंतर तेच आठवलं असतं.

लग्नाच्या दिवसापर्यंत मी अन्न नुसतं पोटात ढकलत होते. मशीनवर टीप घालताना पाय थांबायचा. रस्त्यात कुणी सलाम केला तरी वाटायचं, याला कळलंय.

लग्नाच्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. बतूलच्या कफ्तानची खांद्यावरची शिवण उसवली होती आणि कफ्तान अंगावर चढवून झालं होतं. नटवलेली नवरी परत उतरवत नाहीत. मी कात्री उघडीच ठेवून पिशवीत टाकली, कारण लग्नघरात मिटलेली कात्री चालत नाही, आणि निघाले.

खोलीत बतूल एकटी उभी होती. बाकीच्या अंगणात कोंबडी-बदामाच्या ताटांपाशी होत्या. अंगावर असलेलं कापड शिवताना माणसाच्या दातांत दोरा द्यायचा असतो आणि शिवून होईपर्यंत त्यानं बोलायचं नसतं, नाहीतर त्याची अक्कल शिवली जाते. मी तिच्या दातांत दोरा दिला. खांद्याची शिवण घातली. मग बाही नीट बसते का बघायला हात खाली नेला, आणि बाहीच्या दुमडीत मला ती लागली.

बोटाला सुई ओळखता येते, नेढ्यापासून टोकापर्यंत. ती माझीच होती, मधे जरा वाकलेली.

ती गादीत नव्हती. ती गादीत नव्हती, देवा, मी उगीच मेले इतके दिवस. आणि मग मी बतूलकडे बघितलं. दातांत दोरा धरून ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरत होतं.

मी शेवटचा टाका घातला आणि दोरा तिच्या तोंडातून काढला.

"कशाला घेतलीस?" मी हळूच विचारलं.

"मावशी, ओरडू नका."

"ओरडत नाही. कशाला घेतलीस ते सांग."

"सादियाचा कपडा पांढरा आला," ती म्हणाली. "तिनं काही केलं नव्हतं. मीही काही केलेलं नाही. पण माझाही तसाच आला तर? ही जवळ असली म्हणजे बोटाला टोचून... थोडंसंच लागतं ना?"

"आणि कुणाला सापडली तर? ही कुणाची सुई आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझं काय होईल याचा विचार केलास?"

तिनं केला नव्हता. तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही. मलाही दिसली नाही. मी तिच्या बाहीची दुमड उसवली, सुई काढून घेतली आणि माझ्या पट्ट्याच्या आत टोचली.

"मावशी," ती म्हणाली, "नका ना नेऊ."

"काही होत नाही. सगळ्यांची लग्नं होतात," मी म्हणाले. असलं निर्लज्ज वाक्य माझ्या तोंडून दुसरं कधी निघालं नसेल. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. छातीवरची शिळा उतरली होती, आणि तरी अंगणात हाती दिलेली मिठाई मी तशीच ताटात परत ठेवली.

आमच्या भागात नवरदेवाला दिवसाउजेडी आत पाठवतात, आणि सूर्य बुडायच्या आत कपडा बाहेर आला पाहिजे असा दंडक आहे. दुपारच्या नमाजानंतर नवरी मुफद्दलच्या घरी पोचली आणि अंगण भरलं. ढोल सुरू झाले. मुफद्दलला मित्रांनी ढकलतच दारापर्यंत आणलं. बावीस-तेवीसचा पोरगा, खांदे पुढे आलेले, जसे शिंप्याचे असतात. त्याला दार सापडेना, तेव्हा कुणीतरी त्याचा हात धरून कडीवर ठेवला. दार लागलं.

आम्ही बायका दाराबाहेर बसलो. सुरुवातीला गाणी जोरात होती. मग चहा झाला. मग परत गाणी. ऊन भिंतीवर चढायला लागलं तशी गाणी पातळ होत गेली, आणि ढोलवाल्यांनी हात झटकायला ढोल खाली ठेवले. हाज्जा रुकिया दोनदा उठून दाराला कान लावून आली. लल्ला झहूर जपमाळ ओढत होती, पण मणी सरकतच नव्हता.

पट्ट्यातली सुई मला श्वासागणिक टोचत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं अजून. अजून.

दार उघडलं. मुफद्दल एकटाच बाहेर आला. घामानं भिजलेला, चेहरा लोकरीसारखा पांढरा. त्यानं आईकडे बघितलं आणि मान हलवली.

"बांधलंय," हाज्जा रुकिया म्हणाली. तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही, तरी अंगणातल्या शेवटच्या बाईपर्यंत पोचलं. "माझ्या पोराला कुणीतरी बांधलंय."

आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकेक करून सगळ्यांनी बघितलं.

"गादी कुणी शिवली?" तिनं विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"मी शिवली, हाज्जा. तुझ्यासमोर शिवली."

"मग माझ्यासमोरच उसव. कात्री आहे ना?"

मी उठले. खोलीत गेलो तर बतूल कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दुमडलेला पांढरा कपडा तिच्या मांडीवर तसाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी गादीशी बसले आणि कड उसवायला लागले. माझेच टाके, दुहेरी, घट्ट, आयुष्यभर ज्यांचा दिमाख मिरवला ते. कात्रीचं टोक घालत होते आणि मनात म्हणत होते, यामना, घाबरायचं काय कारण? गादीत काही नाही. सगळी लोकर अंगणात उपसून ठेवली तरी काही सापडणार नाही. तू सुटलीस. रहमा सुटली.

मागे हाज्जा रुकिया आपल्या भावाशी बोलत होती.

"सापडलं तर करणाऱ्याचं काय करायचं ते बघू," ती म्हणत होती. "नाही सापडलं, तर मग खोट पोरीतच आहे. बहीण तशी निघालीच होती. खेचर तयार ठेव. अंधार पडायच्या आत तिला तिच्या बापाच्या दारात सोडायची."

"हाज्जा, अल्लाला घाबर," लल्ला झहूर म्हणाली. "माझ्या मुलीनं काय केलंय?"

"ते तिलाच विचार."

बतूलनं डोकं गुडघ्यांत घातलं. रडण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मला ती मागच्या खोलीत बसलेली दिसली, सादियाच्या शेजारी, दोघी बहिणी दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे रफू करताना. सुई तिच्याजवळ राहू दिली असती तर हे झालं नसतं असं नाही. मुफद्दलची हिंमत खचली त्यात तिचा काय दोष आणि सुईचा काय. पण तिच्याजवळ होती ती एकच गोष्ट मी काढून आणली होती.

मी किती घाबरले होते ते मला नीट सांगता येणार नाही. ताहिराच्या दारावरचे दगड मी पाहिले होते. खिडकीतून दिसणारं ऊन पलीकडच्या घराच्या कठड्यापर्यंत गेलं होतं. मी डावा हात पट्ट्याशी नेला, जसं काही कंबर अवघडली आहे, आणि मग तो हात कोपरापर्यंत लोकरीत घातला. बराच वेळ चाचपल्यासारखं केलं. मग हात बाहेर काढला आणि उघडला.

"ही इथे आहे," मी म्हणाले.

हाज्जा रुकियानं माझ्या तोंडावर मारलं. हाताला अंगठ्या होत्या तिच्या.

"टाकलेली ती टाकलेलीच," ती म्हणाली. "माझ्या पोरावर डूख धरलास."

"चुकून राहिली."

"चुकून. ऐकलंत गं? गावातली सगळ्यात चोख बाई, हिची सुई चुकून राहिली."

तम्मू माझ्या अंगावर थुंकली. लल्ला झहूर, जिनं मला हट्टानं बोलावलं होतं, तिनंही तोंड फिरवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. सुटका होती. मुलगी वाचली, याची सुटका. तिला मी दोष देत नाही.

कुणीतरी माझ्या हातातून सुई घ्यायला आलं. मी मूठ मिटली.

"थांबा," मी म्हणाले. "बांधणारीनंच सोडवायचं असतं. हे तरी माहीत आहे ना?"

सगळ्या थबकल्या. मला असलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात कुणाचा धागा बांधला नव्हता की सोडवला नव्हता, कापडाचा सोडून. पण त्या क्षणी त्या खोलीत माझ्याएवढी जाणती चेटकीण दुसरी कुणी नव्हती, आणि चेटकिणीचं बोलणं लोक मौलवीपेक्षा नीट ऐकतात.

"ही नवरीच्या मुठीत राहिली पाहिजे," मी म्हणाले. "कपडा बाहेर येईपर्यंत. मधे कुणी हात लावला तर गाठ परत बसेल आणि मग मलाही सुटायची नाही. अगदी हाज्जानंही लावायचा नाही."

मी बतूलजवळ गेले, तिची मूठ उघडली आणि सुई तिच्या तळहातावर ठेवली. तिनं वर बघितलं. मी तिची बोटं मिटवली आणि खोलीबाहेर आले.

मला जाऊ देत नव्हते. उंबऱ्याजवळ, चपलांच्या ढिगाशी बसवून ठेवलं, कपडा येतो का बघायला. मुफद्दलला परत आत पाठवलं. ढोल वाजले नाहीत. कठड्यावरचं ऊन गेलं, मग मिनारावरचं. खेचर दारात पाय आपटत होतं. मी डोळे मिटून घेतले आणि आठवतील त्या सगळ्या प्रार्थना उलटसुलट म्हटल्या.

अजानच्या जरा आधी दार फटीएवढं उघडलं आणि हात बाहेर आला. हातात कपडा होता. त्यावर लाल डाग होता, लहानसा, पण कुणालाही दिसेल असा.

बायकांनी जिभा वळवून जो जल्लोष केला तो पार बाजारापर्यंत गेला असेल. हाज्जा रुकियानं कपडा डोळ्यांना लावला, डोक्यावर घेतला, ताटात ठेवून अंगणभर नाचवला. म्हाताऱ्या बायका पुढे होऊन त्याचं चुंबन घेत होत्या. त्या गोंधळात मी उठले आणि घरी चालत आले. गाल सुजला होता. गल्लीत पोरं खेळत होती, मला बघून ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

दगड पडले, पण थोडेच, कारण शेवटी सगळं नीट झालं होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे काम आलं नाही. नवरीची गादी मला पुन्हा कुणी शिवू दिली नाही. कफ्तान नाही, बाळाचं झबलंही नाही. मेकनेसहून रहमा वर्षभर आली नाही. तिला टाकली नाही, पण 'आईकडे जायचं नाव काढायचं नाही' असं सासूनं बजावलं होतं. मी मशीनवर पोती शिवून पोट भरलं. आणि तोंड झाकून काही बायका यायच्या, मागच्या दारानं, दिवेलागणीला. "लल्ला यामना, माझा नवरा बाहेर जातो, त्याला बांधता येईल का?" आधी मी हाकलून द्यायचे. नंतर चहा द्यायला लागले, बोलायला तरी कुणी मिळतं म्हणून. ज्या गावाला मी जन्मभर घाबरले ते आता मला घाबरत होतं, आणि त्यात मला काडीचंही सुख नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात बतूल आली. भर दुपारी, पुढच्या दारानं, पोट पुढे आलेलं. हातात बाळंतविड्याचं कापड. गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन बघत राहिल्या, ते तिला दिसलं होतं, तरी ती सावकाश आत आली आणि बसली. मग पोलक्यातून सुई काढून तिनं माझ्या उशीत टोचली. सुई सरळ झाली होती.

"त्यांनी सरळ केली," ती म्हणाली. "आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय, की सुई बघितल्याबरोबर त्यांना कळलं होतं. लोकरीत इतके दिवस पडून राहिली असती तर तेलकट झाली असती, म्हणाले. ही नुसती घामानं ओली होती."

तो शिंपी होता, हे मी त्या गोंधळात विसरलेच होते.

"मग तो काहीच का नाही बोलला?"

"घाबरले होते. माझ्याहून जास्त. आत आले आणि दाराला पाठ लावून बसले. मी मूठ उघडून दाखवली. म्हटलं, ही मीच चोरली होती, बोटाला टोचायला. मग आम्ही दोघं रडलो, मावशी. आणि मग त्यांनी माझ्या हातातून ती घेतली." ती थांबली. तिच्या ओठांवर हसू आलं होतं. "अंगठ्यात जाईना. शिंप्याचा अंगठा, नुसता घट्टा. बोटांतही जाईना. शेवटी कोपराच्या आत टोचून घेतली त्यांनी, आणि 'आई गं' म्हणून एवढ्या जोरात ओरडले, की मी त्यांचं तोंड दाबून धरलं."

म्हणजे हाज्जा रुकियानं ज्या कपड्याला डोळे लावले, गावातल्या म्हाताऱ्यांनी ज्याचं चुंबन घेतलं, तो तिच्याच मुलाच्या कोपरातल्या रक्ताचा होता. मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, आणि हसता हसता रडायला लागले, कारण ही गोष्ट मला कुणालाच सांगता येणार नव्हती. सांगितली तर मी सुटले असते आणि ती अडकली असती.

बतूलनं माझा हात धरला. तिची बोटं आता गरम होती.

"त्यांनी एक विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "पाळण्याची गादी तुम्ही शिवाल का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना ते सांगणार आहेत, की बांधणारीच्या हातची गादी असली म्हणजे बाळाला कुणाची नजर लागत नाही."

मी कापड मांडीवर घेतलं. बाहेर दारात बायका उभ्याच होत्या. मी दार लावलं नाही. सुई उशीतून काढली, उजेडाकडे धरली आणि ओवली.